आधाराचे माप

कवठे महांकाळसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात माणसाची खोल पाण्याशी ओळख होते ती विहिरीत. अग्रणी नदी वर्षाचा बराच काळ कोरडी, समुद्र घाटाच्या पलीकडे, आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी चढून येऊ लागले ती अलीकडची गोष्ट. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, सुका भोपळा, नाहीतर तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा बांधून त्याला विहिरीत सोडायचे, ही या भागातली जुनी रीत. पुढे ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब आली. त्याच विहिरींवर शिकलेली तरुण माणसे आता सुट्टीत मालवण-तारकर्ली गाठतात, स्कूबा डायव्हिंग करतात. त्यांतली काही रीतसर प्रशिक्षण घेतात आणि स्वतःचे साहित्य घ्यायचे ठरवतात. तेव्हा सगळ्यात जास्त घोळ होतो तो बीसीडीवर, म्हणजे पाण्याखाली पाणबुड्याला अधांतरी ठेवणाऱ्या हवेच्या जॅकेटवर. कोणते घ्यावे, किती उचल असलेले घ्यावे? प्रश्न बाजारहाटीचा दिसतो. पण त्याच्या पोटात आपल्या धर्मविचाराने फार पूर्वीपासून बाळगलेला एक प्रश्न आहे: समतोल साधायला बाहेरचा आधार घ्यावा का, आणि घ्यायचा तर किती? माझे म्हणणे असे, की आधार घेण्यात कमीपणा नाही. पण त्याचे माप आपल्या भीतीवरून नव्हे, आपल्या ओझ्यावरून ठरवायला हवे. ओझे आधी तपासले नाही तर मोठा आधार त्या ओझ्याला फक्त झाकतो, आणि झाकलेले ओझे माणसाला अस्थिर करते. पाण्याखाली हे मोजून दाखवता येते, म्हणून हे उदाहरण मला मोलाचे वाटते.

आधी यंत्र समजून घेऊ. जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण सिद्ध केले, तेव्हा बीसीडी नव्हता. त्या काळचे पाणबुडे कमरेच्या पट्ट्यातले शिसे आणि स्वतःचा श्वास यांवरच तोल सांभाळत. हवेची पिशवी आली ती नंतरच्या काळात, आणि तिचे कारण ठोस होते. पाण्याखाली माणसाचे वजन बदलत राहते. बारा लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने भरलेली हवा जवळजवळ तीन किलो असते. ती श्वासागणिक संपत जाते आणि पाणबुड्या हलका होत जातो. उलट निओप्रीनच्या सूटमधले हवेचे बुडबुडे खोलीवर दाबले जातात, सूटची तरंगण्याची ताकद घटते आणि तोच माणूस जड होतो. बीसीडीचे काम एवढेच, की छातीजवळच्या नळीवरचे बटण दाबून थोडी हवा आत घ्यावी, थोडी सोडावी, आणि हा फरक भरून काढावा. तो नीट भरला की माणूस वर जात नाही, खाली जात नाही. आहे तिथे राहतो. पाण्यातली ही स्थिती कुठल्याही एका बिंदूवर कायमची सापडत नाही, ती दर श्वासाला नव्याने साधावी लागते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले समत्वही मला असेच दिसते, कर्म चालू असतानाच राखायचे. हातपाय आवरून बसलेल्याला त्याची गरजच पडत नाही.

आता शिशाचा हिशेब पाहू, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. नवशिक्या माणसाला खाली जाता येईल की नाही याची धास्ती असते, म्हणून तो गरजेपेक्षा चार किलो शिसे जास्त बांधतो. खाली गेल्यावर ते चार किलो त्याला बुडवू लागतात, मग तो बीसीडीत सुमारे चार लिटर जादा हवा भरतो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, म्हणजे २ बार असतो. तिथे तोल साधला असे समजा. तो नकळत पाच मीटरवर आला की दाब दीड बार होतो आणि ते चार लिटर फुगून पाच लिटरांच्या वर जातात. म्हणजे न मागता सव्वा किलोहून जास्त उचल मिळाली. ती त्याला आणखी वर नेते, वर गेल्यावर हवा आणखी फुगते, आणि वेळीच हवा सोडली नाही तर तो थेट पृष्ठभागाकडे सुटतो. मिनिटाला सुमारे नऊ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये असे जे पाणबुड्यांना शिकवतात, ते फुफ्फुसांना आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला सांभाळण्यासाठी. तोच माणूस दहाऐवजी वीस मीटरवर उतरला तर चार लिटरांचे पावणेतीनही उरत नाहीत आणि तो दगडासारखा खाली जाऊ लागतो. आता ज्याने शिसे मोजून बांधले आहे त्याच्याकडे पाहा. त्याच्या जॅकेटमध्ये दहा मीटरवर जेमतेम लिटरभर हवा असेल. पाच मीटरवर आल्यावर तिच्यात एक तृतीयांश लिटरची भर पडेल, आणि एवढी तफावत एका सावकाश उच्छ्वासात भरून निघते. म्हणजे दोघेही दहा मीटरवर सारखेच स्थिर दिसतात. दोघांचे काटे शून्यावर असतात. परंतु एकाचे शून्य मोठ्या ओझ्यातून मोठा आधार वजा करून आले आहे आणि दुसऱ्याचे लहानातून लहान. परिस्थिती जराशी हलली की पहिले शून्य मोडते. स्थिरता आधाराच्या मोठेपणाने वाढते हा आपला सहजसमज इथे साफ खोटा ठरतो.

हे निरीक्षण मराठीला नवे नाही. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेच्या नदीचे दीर्घ रूपक आहे. त्या नदीत उतरणाऱ्यांची एक रांगच ज्ञानदेवांनी उभी केली आहे: कोणी केवळ बुद्धीच्या बाहूंवर विसंबून उतरले, कोणी तारुण्याचा जोर लावून, आणि काहींनी तर तिन्ही वेदांची सांगड, म्हणजे पोहणाऱ्याने अंगाला बांधायचा तराफा, घेतली, पण तिच्याबरोबर अहंभावाचा धोंडाही घेतला. ते मदाच्या माशाच्या तोंडी गेले. सातशे वर्षांपूर्वीचा हा दृष्टांत वाचताना मला नेहमी वाटते, की याच्या रचनेकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. ज्ञानदेव सांगडीला दोष देत नाहीत. वेदांइतका भक्कम आधार त्या माणसांनी घेतला होता. त्यांनी सोबतचा धोंडा मात्र मोजला नाही, बहुधा तो आपल्या अंगाला आहे हेच त्यांना कळले नाही, कारण सांगड तो पेलत होती. मोठ्या आधाराचा धोका नेमका इथे आहे. नवसावर नवस, व्रतावर व्रत, एका गुरूवर दुसरा गुरू अशी वाढ होत जाते तेव्हा पुष्कळदा खाली काहीतरी जड बांधलेले असते: एखादी न कबूल केलेली भीती, भावकीतला जुना दावा, मानाची भूक. जोवर दिवस बरे तोवर वरून सगळे शांत दिसते. दिवस पालटले की तीच श्रद्धा एकतर बेफाम फुगते, नाहीतर एकाएकी विरते, आणि लोक म्हणतात, हा माणूस असा कसा बदलला? याउलट वारकरी पंथाने संसारी माणसाला काय दिले ते पाहा. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपवास, वर्षाची वारी, मुखी नाम. शेत-शिवार सांभाळून पेलेल एवढाच आधार. त्याची ताकद कमी म्हणणारा कोणी भेटणार नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो अध्यात्माच्या बाजूने. समत्व ही आतली गोष्ट आहे. जॅकेट, शिसे, बटणे यांच्या टेकूने आलेला तोल हा खरा तोल नव्हेच, आणि ज्याला बाहेरचा आधार लागतो तो अजून पोहोचलेला नाही. हा आक्षेप ऐकायला उंच वाटतो, पण ज्या ग्रंथांच्या नावाने तो घेतला जातो ते ग्रंथच त्याला साथ देत नाहीत. गीतेचा सहावा अध्याय ध्यानाला बसणाऱ्याच्या आसनाची चौकशी करतो: ते फार उंच नसावे, फार सखल नसावे, दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र एकावर एक घातलेले असावे. चित्त एकाग्र करायला निघालेल्या माणसाच्या बैठकीची उंची सांगण्यात त्या ग्रंथाला कमीपणा वाटला नाही. त्याहून बोलके उदाहरण धर्मशास्त्रातल्या जलदिव्याचे आहे. याज्ञवल्क्य स्मृतीतल्या विधीनुसार आरोपीने वरुणाची प्रार्थना करून पाण्यात बुडी घ्यायची, आणि सोडलेला बाण वेगवान धावपटूने परत आणेपर्यंत तो पाण्याखालीच राहिला तर निर्दोष. आज असा न्याय कोणी मागणार नाही, मागूही नये. पण त्या विधीतला एक तपशील नजरेतून सुटता कामा नये: आरोपीने नाभीइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या मांड्या धरायच्या असतात. छातीत हवा भरलेले शरीर आपणहून खाली टिकत नाही, हे स्मृतिकारांना ठाऊक होते. सत्याची परीक्षा देवावर सोपवतानाही त्यांनी माणसाला धरायला काहीतरी दिले, आणि तेवढ्याने ती परीक्षा अशुद्ध होते असे त्यांना वाटले नाही. शिवाय ज्याला आपण निव्वळ आतले म्हणतो तो श्वास तरी काय करतो? फुफ्फुसे हाच माणसाचा पहिला बीसीडी. हवा बाहेरूनच येते आणि बाहेरच जाते. श्वासाने भागत नाही तेवढाच फरक जॅकेटने भरून काढायचा, ही वाटणी नीट पाळली तर आतले आणि बाहेरचे यांत भांडण उरत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. पाणी जीव घेते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली आणि माणसे बुडाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. द्राक्षबागांच्या पट्ट्यात शेततळी आहेत. त्यांच्या प्लास्टिकच्या अस्तरावरून पाय घसरतो, धरायला काही सापडत नाही आणि पोहता येणारा माणूसही काठाशी थकून बुडतो. अशा जिल्ह्यात बसून आधार कमी घ्या असे कोणी कसे म्हणावे? याचे उत्तर असे, की आधार दोन कामांसाठी असतो आणि दोन्ही कामांची मापे वेगळी आहेत. पुरातल्या माणसाला पाण्याखाली काही शोधायचे नसते, त्याला फक्त वाचायचे असते. त्याचे लाइफ जॅकेट जितके उचलेल तितके चांगले. शुद्ध हरपली तरी तोंड पाण्यावर राहील असे ते असावे. शेततळ्याच्या काठाला बांधलेला दोर आणि तरंगती ट्यूब याच जातीची, आणि ती प्रत्येक शेततळ्यावर असायलाच हवी. तिथे तत्त्वचिंतनाला जागा नाही. ब्रह्मनाळची बोट तर उलट बाजूने तेच सांगते: आधार आणि भार यांचे गणित कोणाच्या सद्हेतूने बदलत नाही. बीसीडीचे काम मात्र दुसरे. तो लाइफ जॅकेट नाही. बेशुद्ध माणसाचे तोंड वर ठेवण्याची हमी तो देत नाही. जो माणूस स्वतःहून खोलात उतरतो आणि जागेपणी तिथे राहू इच्छितो त्याच्यासाठी तो आहे. धर्मातही हे दोन आधार वेगळे ओळखता यायला हवेत. घरात मृत्यू झाला, पीक गेले, अशा वेळी माणूस देवाला मिठी मारतो तेव्हा त्याच्या मिठीचे माप काढणे क्रूरपणाचे आहे. देव तारी त्याला कोण मारी, ही म्हण त्या प्रसंगीचा दिलासा आहे. पण तिला लाइफ जॅकेट न घालण्याचे कारण बनवणे, किंवा संकटातली ती मिठी रोजच्या साधनेत आयुष्यभर तशीच घट्ट ठेवणे, या दोन्ही गोष्टी तिच्या अर्थाबाहेरच्या आहेत.

बुद्धाने सांगितलेला तराफ्याचा दृष्टांत इथे कोणी पुढे करील: नदी ओलांडल्यावर तराफा डोक्यावर घेऊन हिंडू नये. तेव्हा अखेर सगळा आधार टाकायचाच असेल तर त्याच्या निवडीचा एवढा खल कशाला? पण तराफा सोडायचा तो पैलतीरावर, मधल्या धारेत नव्हे, आणि पाणबुडा तर पूर्ण वेळ मधल्या धारेतच असतो. त्याला आधार टाकता येत नाही. त्याचा ताबा मात्र आपल्याकडे घेता येतो. मालवणला एका दिवसासाठी आलेल्या पर्यटकाच्या जॅकेटची बटणे प्रशिक्षकाच्या हातात असतात. प्रशिक्षक त्याच्या पाठीशी राहून हवा भरतो, सोडतो, आणि पर्यटक मासे पाहतो. यात गैर काही नाही. अनोळखी पाण्यात हेच योग्य. परंतु पुढे शिकू पाहणाऱ्याच्या हातात ती नळी द्यावी लागते, आणि चांगला प्रशिक्षक ती देतो. विहिरीवरचा जाणता माणूसही पोराचा बिंडा एकदम सोडत नाही, लाकूड कमी करत नेतो. गुरूची पारख करायला याहून चांगली कसोटी मला सुचत नाही: तो नळी शिष्याच्या हातात देतो, की वर्षानुवर्षे स्वतःच धरून बसतो?

मग जॅकेट कोणते घ्यावे? ठरवताना प्रश्न असा विचारावा, की मला कुठे स्थिर राहायचे आहे. नेहमीच्या जॅकेट पद्धतीच्या बीसीडीत हवा कुशीतून आणि पाठीमागून अंगाला वेढते. पृष्ठभागावर माणूस सुखाने उभा तरंगतो, पण पूर्ण भरल्यावर छाती आवळली जाते. पाठीवर पिशवी असलेला, म्हणजे विंग पद्धतीचा, बीसीडी पाण्याखाली शरीर आडवे आणि सरळ ठेवतो. पृष्ठभागावर मात्र फार फुगवला तर तोंडाकडे झुकवतो. पहिला वरच्या सोयीचा, दुसरा खालच्या कामाचा. अधूनमधून उतरणाऱ्याला अंगाला बरोबर बसणारे साधे जॅकेट पुरे. ज्याला खरोखर खाली राहायचे आहे त्याने विंगकडे वळावे असे माझे मत आहे. उचलीचा आकडा पाहून भुलू नये. कोकणच्या कोमट पाण्यात पातळ सूट घालणाऱ्याला लागणारी उचल हिशेबाने दहा किलोंच्या आसपास येते. मोठी पिशवी रिकामी ठेवली तर तिने फारसे बिघडत नाही हे खरे, पण तिच्या घड्यांत हवा अडकते, पाण्याचा अवरोध वाढतो, आणि मुख्य म्हणजे ती जास्तीचे शिसे मुकाट्याने पोसते. त्याची किंमत एकट्या पाणबुड्याला मोजावी लागत नाही. शिशाने जड झालेल्या माणसाचे पाय खाली लोंबतात, त्याचे फिन्स प्रवाळावर आपटतात, घाबरला की तो प्रवाळावरच उभा राहतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथले प्रवाळ फार सावकाश वाढते आणि एका लाथेने मोडते. तोल ही ज्याची त्याची खासगी सिद्धी आहे असे मानणाऱ्यांनी तो मोडलेला तुकडा पाहावा. आपला तोल गेला की दुसऱ्या जिवाला इजा होते, आणि म्हणून अहिंसेची सुरुवात पाण्याखाली तरी स्वतःचे वजन नीट जोखण्यापासून होते.

म्हणून क्रम असा असावा: आधी सूट ठरवा, मग शिसे, आणि जॅकेट शेवटी. शिसे ठरवण्याची रीत साधी आहे. टाकीत ५० बारच्या आसपास हवा उरलेली असताना बीसीडी पूर्ण रिकामा करायचा, नेहमीसारखा श्वास घेऊन धरायचा आणि हातपाय न हलवता उभे राहायचे. पाणी डोळ्यांच्या पातळीला यावे, आणि श्वास सोडताच माणूस हळूहळू खाली जावा. तसे होईपर्यंत शिसे कमी-जास्त करायचे. भरलेल्या टाकीवर केलेली तपासणी फसवी असते, कारण टाकीतल्या हवेचे वजन तेव्हा शिशाचे काम करत असते. आणि विहिरीच्या किंवा तलावाच्या गोड्या पाण्यात जुळलेले माप समुद्रात तसेच लागू पडत नाही. खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे साहित्यासकट शंभर किलो भरणाऱ्या माणसाला मालवणात दोन-अडीच किलो शिसे जास्त लागते. तेवढे आणि तेवढेच.